मंडाईंचं निशाण

ऑलिव्हच्या दोन काठ्या उभ्या-आडव्या बांधलेल्या, त्यांवर सोडलेलं पांढरं रेशमी वस्त्र आणि मर्टलची हिरवी डहाळी. बघणाऱ्याला हा ख्रिस्ती क्रूसच वाटतो. पण मंडाई धर्माचे लोक येशूला मानत नाहीत. हे त्यांचं प्रकाशाचं निशाण, ‘दरफश’. त्यांचा थोर गुरू म्हणजे बाप्तिस्मा करणारा योहान.

दक्षिण इराक आणि इराणच्या खुझिस्तानातला हा जुना धर्म नदीवाचून चालत नाही. बाप्तिस्मा एकदाच घेऊन भागत नाही. तो जन्मभर, पुनःपुन्हा, बहुधा रविवारी होतो आणि वाहत्या पाण्यातच. पांढऱ्या कपड्यांत पाण्यात बुडी, मग कपाळावर तिळाचं तेल, शेवटी भाकरीचा तुकडा आणि पाणी. प्रार्थना उत्तरेकडे तोंड करून.

‘गिंझा’ या धर्मग्रंथाची गंमत बघा: त्याचे दोन भाग हस्तलिखितांत एकमेकांच्या उलटे असतात. एक वाचून झाला की पोथी उलटी धरायची. दुसऱ्यात आत्म्याचा मृत्यूनंतरचा प्रवास.

धर्मांतराला इथे वाव नाही, त्यामुळे संख्या मुळातच थोडी. 2003 नंतर इराकमधून अनेकांनी देश सोडला. सिडनीजवळच्या नेपियन नदीतही आता बाप्तिस्मे होतात.