काळी नाणी काळीच राहू द्या

दसरा झाला की वर्धा जिल्ह्यातल्या जुन्या घरांमधून देव्हाऱ्याजवळचा डबा खाली उतरतो. लक्ष्मीपूजनाला मांडायचे राणीछाप रुपये, भोकाचा पैसा, 1969 च्या गांधी शताब्दीचं नाणं, मुलांनी जमवलेली हलकी पाच-दहा पैशांची नाणी, सगळं त्यात असतं आणि सगळं काळवंडलेलं असतं. चिंचेने भागलं नाही की न्हाणीघरातल्या बाटलीकडे हात जातो. मोबाइलवरच्या व्हिडिओत नाणं दोन मिनिटांत झळकतं. तेवढ्या वेळात खोलीतल्या हवेचं काय झालं, हे मात्र कोणी सांगत नाही.

संडास-फरशीच्या अ‍ॅसिडमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. नुसत्या त्याची वाफही नाका-घशाला झोंबते, पण जिवावर बेततं ते दोन बाटल्या एकत्र केल्यावर. अ‍ॅसिडने डाग निघेना म्हणून त्यात कपड्यांचं ब्लीच किंवा विहिरीत टाकायची टीसीएल पावडर घातली, की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात, 22 एप्रिल 1915 रोजी, बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्याने शत्रूच्या खंदकांवर सोडला तो हाच वायू. तो हवेपेक्षा जवळजवळ अडीच पट जड असल्याने जमिनीलगत साचतो, म्हणजे नेमका तिथे, जिथे पाटावर बसून नाणी घासली जातात आणि शेजारी लेकरू खेळत असतं. श्वासाबरोबर आत गेल्यावर फुप्फुसातल्या ओलाव्यात त्याचं आम्ल होतं. माणूस खोकतो, डोळे चोळतो, अंगणात येऊन बसल्यावर त्याला बरंही वाटतं. तरीही काही तासांनी फुप्फुसात पाणी भरू शकतं. म्हणून धाप लागली, छाती भरून आली किंवा खोकला थांबेना, तर सकाळची वाट न पाहता सेवाग्रामचं असो की सावंगीचं, जवळचं रुग्णालय गाठायला हवं आणि कशात काय मिसळलं ते डॉक्टरांना नीट सांगायला हवं. ब्लीचमध्ये लिंबू किंवा व्हिनेगर पिळलं-ओतलं तरी हाच वायू निघतो, आणि अमोनिया असलेलं काच पुसायचं पाणी घातलं तर क्लोरामाइन नावाचे तितकेच झोंबणारे वायू.

जुनी पाच-दहा पैशांची नाणी अ‍ॅल्युमिनियमची. तुंबलेली मोरी मोकळी करायच्या पावडरीत कॉस्टिक सोडा असतो. तो ओला झाला आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम पडलं की पाणी उकळू लागतं, पेट घेणारा हायड्रोजन सुटतो आणि दाहक थेंब तोंडावर उडतात. डोळ्यात थेंब गेला तर आधी वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं डोळा धरायचा, दवाखान्याचा रस्ता त्यानंतर.

सोनाराकडचं नायट्रिक अ‍ॅसिड तर घरात आणूच नये. तांबं त्यात पडताच लालसर-तपकिरी धूर निघतो, आणि त्याचा त्रासही उशिरा, कधी दुसऱ्या दिवशी दिसतो. शिवाय चांदी त्यात स्वच्छ होत नाही, विरघळते.

जाणकार माणूसही यात फसतो. जे. सॅनफर्ड सॉल्टस हे अमेरिकन नाणेसंग्राहक ब्रिटिश न्यूमिस्मॅटिक सोसायटीचे अध्यक्ष होते. जून 1922 मध्ये लंडनच्या एका हॉटेलात ते मृत्यू पावले. चांदीची नाणी साफ करायला आणलेलं पोटॅशियम सायनाइड आणि पिण्याचं जिंजर एल जवळजवळ ठेवलेलं होतं, आणि त्यांनी चुकीचं प्यायलं. आपल्याकडे स्वयंपाकघरातल्याच वाटीत नाणी भिजत घालतात, हे मला फार भीतीचं वाटतं.

व्हिनेगर निरुपद्रवी, असंही समजू नये. विदर्भात सापडणारी सातवाहनांची कित्येक नाणी पोटीन धातूची, म्हणजे तांबं, कथील आणि शिसं यांच्या मिश्रणाची असतात. व्हिनेगरमध्ये त्यातलं शिसं उतरतं आणि त्याचा क्षार चवीला गोड असला तरी विषारी असतो. लहान मुलांना तो सर्वाधिक बाधतो.

याच नाण्यांचं दुसरं नुकसान भरून येत नाही. तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातल्या तऱ्हाळा इथे 1939 मध्ये सातवाहनांच्या पोटीन नाण्यांचा मोठा साठा मिळाला. प्राचीन लेखांचे आणि नाण्यांचे अभ्यासक वा. वि. मिराशी यांनी त्यांवरची झिजकी अक्षरं वाचली. कुंभ, कर्ण आणि शक सातकर्णी या राजांची नावं पुराणांतल्या यादीत नाहीत. ती या नाण्यांनी दिली. कडेला कोरलेल्या त्या उथळ ओळीवरून कोणी अ‍ॅसिडचा बोळा फिरवला असता, तर हे राजे आपल्याला कळलेच नसते.

पूजेच्या चांदीच्या रुपयाला रिठ्याचं कोमट पाणी आणि मऊ फडकं पुरे. संग्रहातलं नाणं फार तर बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्यात भिजवावं आणि न घासता टिपून घ्यावं.

पवनारला धाम नदीच्या काठी नागपूर विद्यापीठाने 1967 मध्ये उत्खनन केलं. अशा जुन्या वस्तीच्या जिल्ह्यात नांगराच्या फाळाला कधी नाणी लागली, तर ती धुऊ नका, घासू नका. 1878 च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. नाणी मातीसकट तशीच त्यांच्याकडे न्या.