कवळी आणि मुखातील ऊतींमधील बदल

संपूर्ण किंवा आंशिक कवळी वापरणाऱ्या व्यक्तींच्या मुखातील श्लेष्मल त्वचा, हिरड्या आणि त्यांखालील जबड्याचे हाड यांत कालांतराने बदल घडून येतात. यांपैकी बरेच बदल वेदनारहित असल्याने ते तपासणीवाचून लक्षात येत नाहीत.

यांत्रिक कारण

नैसर्गिक दात हाडाला थेट चिकटलेला नसतो. त्याचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतुमय परिदंत अस्थिबंध असतो व चावण्याचा भार त्यातून हाडावर विभागला जातो. एका जबड्यातील अस्थिबंधाचे एकूण क्षेत्रफळ सुमारे ४५ चौ. सेंमी. मानले जाते. कवळीला मात्र पातळ श्लेष्मल त्वचेवर टेकावे लागते. वरच्या जबड्यात तिला सरासरी २३ आणि खालच्या जबड्यात केवळ १२ चौ. सेंमी. आधार मिळतो. ही त्वचा असा भार पेलण्यासाठी घडलेली नाही. खालच्या कवळीबद्दलच्या तक्रारी अधिक असतात, त्याचे एक कारण या आकड्यांत आहे.

हाडाची झीज

दात काढल्यानंतर जबड्यावर उरणाऱ्या उंचवट्यास अवशिष्ट कटक म्हणतात. त्याची झीज पहिल्या वर्षात सर्वाधिक वेगाने होते. पुढे ती मंदावते, पण थांबत नाही. टालग्रेन यांच्या १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घकालीन अभ्यासात खालच्या जबड्याच्या पुढील भागाची झीज वरच्या जबड्याच्या सुमारे चौपट आढळली. झिजेचे प्रमाण व्यक्तीगणिक फार बदलते आणि तिच्यासाठी केवळ कवळीला दोषी धरता येत नाही, कारण दात गेल्यावर कवळी न वापरणाऱ्यांचेही हाड झिजते.

हाड झिजते, पण कवळीचा आकार तोच राहतो. परिणामी ती सैल होते, बोलताना-चावताना हलते, दाब विषम पडतो आणि त्यामुळे झीज आणखी वाढू शकते. फार झीज झाल्यास हनुवटीकडे जाणारी चेता कटकाच्या माथ्याजवळ येते व घास चावताना कळ येते. हनुवटी आणि नाक जवळ आल्याने चेहऱ्याला बोळक्यासारखे रूप येते.

श्लेष्मल त्वचेतील बदल

सर्वांत सामान्य विकार म्हणजे कवळीजन्य मुखशोथ. यात कवळीखालील टाळू लालभडक होतो, तरी बहुधा दुखत नाही. कवळीच्या अॅक्रिलिक पृष्ठभागावरील सूक्ष्म छिद्रांत कँडिडा अल्बिकन्स ही बुरशी वाढते. रात्रंदिवस कवळी न काढणे आणि अपुरी स्वच्छता ही तिची मुख्य कारणे होत. केवळ बुरशीनाशक औषध पुरत नाही. कवळी अस्वच्छ राहिली तर विकार पुन्हा उद्भवतो. सैल कवळीची कड सतत घासत राहिल्यास गालाच्या आतील घडीत मऊ, तंतुमय वाढ होते. ही वाढ निरुपद्रवी असली तरी मोठी झाल्यास शस्त्रक्रियेने काढावी लागते. लाळ कमी असल्यास हे सर्व विकार बळावतात, कारण कवळी पकडून ठेवणारा व घर्षण टाळणारा थर लाळेचाच असतो.

प्रतिबंध

रात्री कवळी काढून, घासून, साध्या पाण्यात ठेवावी. उकळत्या पाण्याने तिचा आकार बिघडतो. सैल झालेली कवळी घरी कानशीने घासण्याऐवजी दंतवैद्याकडून आतून नवे अस्तर लावून घ्यावे. काही मुळे राखून त्यांवर कवळी बसवल्यास त्या भागातील हाड अधिक काळ टिकते. कवळीची टोचणारी कड दुरुस्त केल्यावरही व्रण दोन आठवड्यांत भरला नाही, तर ऊतीचा तुकडा काढून कर्करोगासाठी तपासणी करणे आवश्यक असते, विशेषतः तंबाखू किंवा मिश्री वापरणाऱ्यांमध्ये.