क्लासिक स्पोर्ट्स मोटारीच्या दारातील काचेची चौकट : जुळणीमागील तंत्र व तर्क

बीजसंज्ञा : दार, चौकट, बिजागरी, रबर, मूळ स्वरूप

प्रस्तावना :
यवतमाळ जिल्हा सागवानासाठी प्रसिद्ध आहे. येथील सुतार घराचे दार बसविताना प्रथम चौकट उभी करतो, ओळंबा व गुण्या लावून ती तपासतो आणि नंतर पल्ला चढवितो. जुन्या स्पोर्ट्स मोटारीत हा क्रम उलटा असतो. तेथे प्रथम दार जुळवावे लागते आणि मग त्या दारावर काचेची चौकट बसवावी लागते. हा क्रम न पाळल्यास पाणी गळणे, वाऱ्याचा आवाज येणे, काच अडकणे असे दोष उद्भवतात. प्रस्तुत लेखात या जुळणीमागील तत्त्वांचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

चौकटीचे प्रकार :
रचनेच्या दृष्टीने दारांचे तीन प्रकार संभवतात. पहिल्या प्रकारात चौकट दाराच्या पत्र्याशी एकजीव असते. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात तयार झालेली पद्मिनी हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. दुसऱ्या प्रकारात चौकट स्वतंत्र असून ती बोल्टांनी दारात बसविलेली असते. १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात प्रथम सादर झालेली पोर्शे ९११ ही या वर्गातील मोटार आहे. तिसऱ्या प्रकारात, विशेषतः उघड्या छताच्या मोटारीत, काचेला वरची चौकटच नसते. जुळवाजुळवीस सर्वाधिक वाव दुसऱ्या प्रकारात असतो, चुकीलाही तितकाच.

दाराची पूर्वतयारी :
मोटार स्वतःच्या चाकांवर, समतल जागी उभी असावी. जॅकवर उचललेल्या गाडीचा सांगाडा किंचित वाकतो व त्या स्थितीत साधलेली फट गाडी खाली येताच बदलते. नंतर उघडे दार मागच्या टोकाला धरून वर उचलून पाहावे. ते हलल्यास बिजागरीची खीळ झिजलेली असते आणि ती बदलल्याशिवाय पुढील सर्व श्रम व्यर्थ ठरतात.

येथे तरफेचा नियम लागू पडतो. दोन बिजागऱ्यांमध्ये ३०० मि.मी. अंतर आणि दाराची लांबी १००० मि.मी. आहे असे मानू. खालच्या बिजागरीमागे १ मि.मी. जाडीची पत्ती घातल्यास दाराचे मागचे टोक सुमारे ३.३ मि.मी. वर जाते. म्हणूनच अनुभवी कारागीर एका वेळी एकच पातळ पत्ती घालतो. ही जुळणी रबर न लावता करावी, कारण नव्या रबराचा दाब दाराची खरी जागा लपवितो. कुलपाचा अडणा सर्वांत शेवटी बसवावा. त्याचे काम दार धरून ठेवण्याचे आहे, खाली आलेले दार उचलण्याचे नव्हे.

चौकटीची जुळणी :
दार जुळल्यावर चौकट सैल बोल्टांवर ठेवावी. चौकटीचे पाय दाराच्या पोटात खोलवर जातात. कमररेषेवरील बोल्ट हा टेकू मानला, पाय त्याखाली २५० मि.मी. आणि चौकटीचा माथा वर ४०० मि.मी. असेल, तर पाय १ मि.मी. बाहेर सरकविताच माथा १.६ मि.मी. आत झुकतो. धावत्या मोटारीच्या खिडकीबाहेर हवेचा दाब कमी होतो आणि चौकटीचा माथा बाहेर ओढला जातो. त्यामुळे माथा रबरावर किंचित आत दाबलेला ठेवणे श्रेयस्कर असते.

दाब सर्वत्र सारखा आहे की नाही, हे पाहण्याची सोपी रीत म्हणजे कागदाची पट्टी. रबर व चौकट यांमध्ये पट्टी ठेवून दार लावावे व ती ओढावी. जेथे पट्टी सहज निसटते तेथे पाणी शिरणार. मात्र नवे रबर ताठ असते. ते काही दिवस दबू द्यावे, लगेच चौकट वाकवू नये. क्रोमचा मुलामा दिलेली पितळी चौकट वाकविल्यास मुलाम्याला तडे जातात.

हवामानाचा विचार :
यवतमाळात हिवाळी पहाट १० अंशांच्या आसपास असते, तर उन्हाळ्यात उन्हात तापलेला पत्रा ६० अंश गाठू शकतो. या ५० अंशांच्या फरकाने १ मीटर लांबीचे पितळ सुमारे ०.९५ मि.मी., पोलाद ०.६ मि.मी. आणि काच ०.४५ मि.मी. वाढते. ही तफावत सामावून घेण्यासाठी काचेच्या खोबणीतील फेल्टला थोडी मोकळीक हवी. पावसाळ्यापूर्वी दाराच्या तळाची छिद्रे मोकळी आहेत ना, हेही पाहावे. कारण काचेलगत आत उतरणारे पाणी तेथूनच बाहेर पडते.

मूळ स्वरूपाचा प्रश्न :
जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांच्या नोंदणीची तरतूद झाली. प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुने, मूळ स्वरूपात राखलेले आणि सांगाडा, बॉडी शेल वा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेले वाहन तीस पात्र ठरते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये ठरविण्यात आले. या पार्श्वभूमीवर, चौकट बसत नाही म्हणून छताची कड कापणे किंवा खांब ठोकून सरकविणे हा केवळ कारागिरीतील दोष राहत नाही. त्यामुळे वाहनाचे ऐतिहासिक मूल्य व नोंदणीची पात्रता दोन्ही धोक्यात येऊ शकतात. पत्ती काढता येते, बोल्ट सैल करता येतो. कापलेला पत्रा मात्र पूर्ववत होत नाही.

निष्कर्ष :
१. बिजागरी, दार, चौकट, काच व शेवटी रबर हा जुळणीचा क्रम तर्कसंगत असून रंगकामापूर्वी एकदा कोरी जुळणी करणे आवश्यक आहे.
२. परत फिरविता येईल असाच बदल प्रथम करावा.
३. तरफ, उष्णताप्रसरण व वायुदाब हे पदवी स्तरावर शिकविले जाणारे विषय येथे एकाच दारात भेटतात. अशा उदाहरणांची वर्गात दखल घेतल्यास कारागिराच्या हातातील ज्ञान लेखी स्वरूपात टिकून राहील व विद्यार्थ्यांना सूत्रामागील व्यवहारही उमजेल.