भिंत पडली, आता कुंपण घालू या!

उतारावरच्या बागेची भिंत पावसाळ्यात फुगली की आपण लगेच म्हणतो, "सिमेंट कमी घातलं असणार!" पण बरेचदा खरा गुन्हेगार असतो पाणी. भिंतीमागे दीड मीटर पाणी साठलं आणि त्याला बाहेर पडायला भोकं नसली, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे ११ किलोन्यूटन, म्हणजे एक टनाहून जास्त रेटा येतो. मातीचा रेटा वेगळाच. जून २०१९ मध्ये पुण्यात कोंढव्याला मजुरांच्या झोपड्यांवर भिंत कोसळून १५ जणांचा बळी गेला, हे विसरून चालणार नाही.

मग पडक्या भिंतीच्या जागी जाळीचं कुंपण घातलं तर? कल्पना छान आहे, जाळी पाणी अडवत नाही. पण मित्रांनो, ती मातीही अडवत नाही! भिंत नुसती हद्दीची होती की वरची माती धरून होती, हे आधी बघा. माती धरणारी असेल तर मातीला सुरक्षित उतार द्या किंवा पाण्याला भोकं ठेवून ठेंगणा बांध घाला. मगच कुंपण.

खांब उताराला काटकोनात नव्हे, ओळंब्यात उभे करायचे. पाच मीटरला एक मीटर उतार असेल आणि पायऱ्यांसारख्या चौकटी लावल्या, तर अडीच मीटरच्या गाळ्याखाली एका टोकाला ५० सेंमी फट राहते. कुत्रं आरामात आत! चेनलिंक जाळी मात्र उताराबरोबर तिरकी ताणता येते. टोकाच्या खांबांना तिरका टेकू हवाच, नाहीतर जाळी ताणताना ते झुकतात.

तेव्हा उरलेली भिंत पाडण्याआधी तिला एकदा विचारा, "बाई, तू नेमकं काय धरून उभी होतीस?"