पुढचा शब्द आधीच आलेला असतो

कथा लिहिणारं माणूस लिहायचं थांबतं, तेव्हा ते त्याचं त्यालाही लगेच कळत नाही. एका दिवाळी अंकाची मुदत हुकते, मग दुसऱ्याची. वही कपाटात जाते, तिच्यावर लाइटबिलं साठतात. कुणी विचारलंच तर "सध्या सवड नाही" हे उत्तर तयार असतं. अशाला सगळे एकच सांगतात: बैठक मारून बस, रोज एक तरी पान लिही. तो बसतो. काही होत नाही. आणि मग कधीतरी, मेथी निवडताना किंवा बीडहून मांजरसुंबा, केज करत अंबाजोगाईला निघालेल्या एसटीत, तो फोनवर एखादी गोष्ट ऐकतो आणि डोक्यात आपसूक वाक्यं जुळायला लागतात.

माझं स्वतःचं लिखाण असंच पुन्हा सुरू झालं, म्हणून हा प्रश्न मला सोडत नाही. बैठक मारून जे जमलं नाही, ते एका पॉडकास्टनं कसं काय केलं? ऐकणारा तर नुसता ऐकत असतो. लिहिणं आणि ऐकणं यांचा संबंध काय?

थोडं खोलात शिरलं की थक्क व्हायची वेळ येते, कारण नुसतं ऐकणं अशी गोष्टच नसते.

आधी कानाकडे बघा. सांगणाऱ्याचा आवाज म्हणजे हवेची थरथर. ती कानाच्या पडद्यावर आदळते, तिथून तीन इवल्या हाडांतून पुढे जाते. त्यातलं शेवटचं हाड जेमतेम तीन मिलिमीटरचं, अख्ख्या शरीरातलं सर्वांत लहान. पुढे शंखाच्या आकाराची एक नळी, आणि तिच्या आतल्या रांगेत साधारण साडेतीन हजार केसपेशी. आवाजाची जवळपास सगळी खबर मेंदूला देतात त्या याच. आपल्या फोनच्या कॅमेऱ्यात टिपणारे ठिपके कोटींच्या घरात असतात, आणि इथे एका कानाला फक्त साडेतीन हजार पेशी! आजीची गोष्ट, कीर्तनातलं आख्यान, शेजारच्या घरातलं भांडण, आजवर ऐकलेलं सगळं याच चिंचोळ्या वाटेनं आत आलं.

एवढ्याशा वाटेनं एवढं मोठं जग आत येतं कसं? कारण मेंदू येणाऱ्या शब्दाची वाट बघत बसत नाही. त्याच्या आधीच तो पुढे पोचलेला असतो.

याचा पुरावा एका पॉडकास्टनंच दिला. अमेरिकेत अपस्माराच्या नऊ रुग्णांच्या मेंदूवर उपचारासाठी इलेक्ट्रोड बसवलेले होते. त्यांना अर्ध्या तासाची एक गोष्ट ऐकवली गेली आणि मेंदूतले संकेत नोंदले गेले. २०२२ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं ते असं: सांगणाऱ्याच्या तोंडून शब्द बाहेर पडायच्या काहीशे मिलिसेकंद आधीच त्या शब्दाची चाहूल ऐकणाऱ्याच्या मेंदूत उमटलेली असते. पंगतीत वाढपी आपल्यापर्यंत यायच्या आत आपण पानात जागा करून ठेवतो ना, तसं. आमटी येणार की जिलबी, हे त्याच्या हातातल्या भांड्यावरून आपण ओळखलेलं असतं. अंदाज चुकला तर? १९८० साली मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी दाखवून दिलं की वाक्याच्या शेवटी भलताच शब्द आला की सुमारे ४०० मिलिसेकंदांनी मेंदूत एक ठळक विद्युतलहर उमटते. आपण दचकलो हे आपल्याला कळायच्या आत मेंदू दचकून मोकळा!

आता कथाकार करतो काय ते आठवा. वाचणाऱ्याच्या मनात एक अपेक्षा बांधायची, थोडी वाढू द्यायची आणि नेमक्या जागी ती मोडायची. म्हणजे गोष्ट ऐकणारा माणूस दर शब्दाला तोच खेळ आतल्या आत खेळत असतो. तो मनातल्या मनात पुढची ओळ लिहितो आणि सांगणाऱ्याच्या ओळीशी ताडून बघतो.

आणि हे एकट्या मेंदूत चालत नाही. २०१० साली प्रिन्स्टन विद्यापीठात उरी हॅसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका तरुणीला स्कॅनरमध्ये झोपवून तिच्या आयुष्यातला एक प्रसंग सांगायला लावला. मग ते ध्वनिमुद्रण दुसऱ्यांना स्कॅनरमध्ये ऐकवलं. ऐकणाऱ्यांचे मेंदू तिच्या मेंदूच्या पावलावर पाऊल टाकत चालले. हे ऐकूनच अंगावर काटा येतो, पण खरी नवलाई पुढे आहे: मेंदूचे काही भाग तिच्याही पुढे धावत होते. आणि ज्याचे जास्त पुढे धावले, त्याला गोष्ट जास्त नीट समजली होती. रशियन न येणाऱ्यांना रशियन भाषेतली गोष्ट ऐकवली, तर ही जोडी जुळलीच नाही.

अजून एक. इटलीतल्या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये जिभेचा अभ्यास केला. सांगणाऱ्याची नाही, ऐकणाऱ्याची जीभ! ज्या शब्दांत ठसठशीत 'र्र' येतो, ते ऐकताना ऐकणाऱ्याच्या मेंदूतला जीभ हलवणारा भाग जास्त सज्ज होतो, असं त्यांना आढळलं. तोंड मिटलेलं, जीभ जागच्या जागी, पण बोलण्याची तयारी पूर्ण. "दार करकरलं" हे ऐकताना तुमच्या आत कुणीतरी ते बोलून बघायला निघालेलं असतं.

आता कोऱ्या कागदाची अडचण लक्षात येते. अंदाज बांधायला आधी काहीतरी कानावर पडावं लागतं, आणि कोऱ्या कागदावर काहीच नसतं. मग पुस्तकच का वाचू नये? वाचावंच. २०१९ मध्ये बर्कलीच्या शास्त्रज्ञांनी त्याच गोष्टी लोकांना ऐकायलाही आणि वाचायलाही दिल्या, तर अर्थाचे नकाशे मेंदूत जवळजवळ सारखेच उमटले. तेव्हा ऐकलेली गोष्ट वाचलेल्या गोष्टीपेक्षा कमअस्सल, हा समज सोडून द्यायला हरकत नाही. पण वाचताना डोळा लबाडी करू शकतो. तो मागे जातो, पुन्हा वाचतो, रेंगाळतो. आवाज थांबत नाही. तो आपल्या चालीनं पुढे जातो आणि तुम्हाला ओढत नेतो. लिहिणं थांबलेल्या माणसाला हीच ओढ हवी असते. त्याच्यातला लेखक जागाच असतो, पण त्याच्यातला परीक्षक दर ओळीला हात धरून थांबवतो. चालू आवाजापुढे परीक्षकाला बोलायला फटच मिळत नाही.

इथे मला बीड जिल्ह्यात यायचं आहे, कारण ही युक्ती या मातीला फार जुनी माहीत आहे.

माजलगावच्या भीमनगरमध्ये १९९६ साली बायकांच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या दोघांनी महाराष्ट्रभर उभ्या केलेल्या प्रचंड कामाचा तो एक भाग. एक लाखाहून जास्त ओव्या त्यातून जमल्या, आणि २०१७ पासून 'परी' या संकेतस्थळावर त्या ऐकायलाही मिळतात. माजलगावच्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या जरूर ऐका. जातं आता बहुतेक घरांत कोपऱ्यात पडलंय, पण ऐकताना त्याची घरघर कानांत घुमते.

जात्यावर नेमकं काय व्हायचं ते जवळून बघा. दोघी समोरासमोर, खुंट्यावर दोघींचे हात. एक हात मधूनच सुटतो, मूठभर दाणे जात्याच्या तोंडात घालतो आणि परत खुंट्यावर येतो. दोन्ही हात गुंतलेले, डोळ्यांना पहाटेच्या अंधारात काही काम नाही, मोकळे फक्त कान आणि गळा. एकीनं ओळ म्हणायची, दुसरीनं ती उचलायची. आणि ती ओळ घोळवली जात असताना? पहिलीच्या डोक्यात पुढची ओळ तयार होत असते! दुसरीच्या आवाजानं तिला तेवढी उसंत मिळवून दिलेली असते. ऐकणं आणि रचणं एकाच फेऱ्यात. दगडाची चाल तीच ओवीची चाल, आणि दगड थांबत नसल्यामुळे ओवीलाही थांबता येत नाही. 'सुचत नाही' म्हणायला सवड कुणाला होती?

ही रीत किती जुनी? चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात, म्हणजे ११२९च्या सुमारास, महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. आणि मराठीतला आद्य ग्रंथ मानला जाणारा मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' परंपरेनं शके १११०चा, म्हणजे ११८८चा. कोणत्या छंदात? ओवीत! मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईजवळ डोंगरात आहे. त्याच गावच्या दासोपंतांनी सोळाव्या-सतराव्या शतकात कापडाच्या लांबलचक पासोडीवर लिहिलं, तेही ओवीतच. बायांच्या कष्टातला सूर आधी कानांवर पडला आणि मग पोथीत उतरला. मराठी वाङ्मयाची सुरुवातच ऐकीव मालावर झाली, असं मला तरी यातून वाटतं, आणि हे वाटणं फार सुखाचं आहे.

त्याच अंबाजोगाईत १९८३ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष कोण, तर व्यंकटेश माडगूळकर. पुणे आकाशवाणीवर ग्रामीण कार्यक्रमांत त्यांनी उभी नोकरी केली. शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांच्याबरोबर गावोगावी कथाकथन केलं. म्हणजे दिवसा लोकांचं बोलणं माइकसमोर आणायचं, संध्याकाळी आपली कथा लोकांच्या कानांवर घालायची, आणि लिहायचं ते या दोन्हींच्या मधोमध. त्यांच्या कथेतली माणसं पानावरून उठून बोलतात याचं रहस्य फार लांब शोधायला नको.

आज तेच काम खिशातला फोन करतो. पुस्तकं ऐकवणारं 'स्टोरीटेल' हे ॲप २०१७च्या अखेरीस भारतात आलं, तेव्हा सुरुवातीलाच त्यात मराठी होती. आता मराठी गोष्टी, मुलाखती, गप्पा यांचा इतका साठा आहे की ऐकून संपायचा नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातून ऊसतोडीला बाहेर पडणाऱ्या माणसाच्या हातात कोयता असतो आणि खिशात फोन. हात गुंतलेले, कान मोकळे, परत तीच जोडी.

ज्यांचं लिखाण थांबलंय त्यांना माझं सांगणं असं की 'कथा कशी लिहावी' हे शिकवणारे कार्यक्रम तूर्त बाजूला ठेवा. ते परीक्षकाला आणखी बळ देतात. गोष्टी ऐका, आणि आपल्या मुलखाचं बोलणं ऐका. "काय करायलास? कवा आलतास?" हे कानांनी ऐकलं की पात्र उभं राहतं; पुस्तकात ते बहुतेक वेळा इस्त्री होऊन येतं. आणि कृपा करून दुप्पट वेगानं ऐकू नका. वेगवेगळ्या भाषांतल्या बोलण्याचे चढउतार मोजले तर ते सेकंदाला चार-पाचच्या आसपास येतात, आणि मेंदूच्या लहरी त्याच चालीवर डोलतात. माहिती दुप्पट वेगानं कळेलही, पण लय हाती लागणार नाही, आणि लिहिणाऱ्याला लयच हवी असते.

मग एक प्रयोग करा. गोष्ट ऐन रंगात असताना फोन थांबवा आणि पुढचं वाक्य मोठ्यानं बोला. ते बहुधा आत तयारच असतं. पुन्हा सुरू करा. सांगणारा वेगळंच काही बोलला? झकास! त्याचं वाक्य त्याच्याकडे राहू द्या. तुमचं वाक्य कुणी लिहिलेलं नाही, तुमच्या जागेवरून बघणाऱ्यालाच ते सुचू शकत होतं. ते वहीत घ्या.

दुसरा प्रयोग याहून गमतीचा. कपाटातली ती अर्धवट कथा काढा आणि फोनवर स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करा. ऐकाल तेव्हा आवाज परका वाटेल. रोज आपला आवाज आपल्याला हवेतून आणि कवटीच्या हाडांतून असा दुहेरी ऐकू येतो. रेकॉर्डिंगमध्ये हाडांचा वाटा गळून पडतो. या परकेपणाला घाबरू नका, तो तुमच्या फार उपयोगाचा आहे. आपलीच गोष्ट आता दुसरं कुणी सांगतंय असं वाटतं, आणि मेंदू लगेच आपल्या नेहमीच्या कामाला लागतो, अंदाज बांधायला. कथा जिथे सोडली होती तिथे आवाज तुटतो. मेंदू मात्र तोवर पुढे गेलेला असतो. पेन हाताशी ठेवूनच ऐकायला बसा.