शिपायाची प्रीतिकथा आणि आजीची आठवण

सैनिक-दांपत्याच्या प्रीतिकथेंत नायक बहुधा शेवटच्या पानावर घरीं येतो. वाचकालाहि तेंच हवें असतें. आजीची आठवण निराळी. दुसऱ्या महायुद्धांत शिपायाच्या पत्रांत ठिकाण लिहिण्यास बंदी असे. पत्र आलें, म्हणजे लिहितेवेळीं तरी धनी जिवंत होता, एवढाच दिलासा! चिंचोटीहून जवळच असलेल्या वसईच्या वेढ्यांत १७३९ सालीं हजारों मराठे पडले. त्यांच्या घरच्या बायकांच्या आठवणी कोणीं लिहून ठेवल्या? माणगांव तालुक्यांतील नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजीं इटलींत टायबरच्या खोऱ्यांत शत्रूचें मशिनगनचें ठाणें एकट्यानें जिंकून तेथेंच पडले. वय अवघें २२. व्हिक्टोरिया क्रॉस स्वीकारावयास गेली ती त्यांची तरुण विधवा.