बाई, आमची डिस्क हरवली!

मित्रांनो, तुमच्या घरी कॉम्प्युटर असेल तर बाबांना किंवा ताईला एक प्रश्न विचारा. आपल्या कॉम्प्युटरमध्ये जुनी हार्ड डिस्क आहे, की एसएसडी? "एसएसडी टाका, बघा कसा पळतो!" असं म्हणून दुकानदाराने ती बसवून दिली असेल, तर पुढचं नीट वाचा.

एसएसडी म्हणजे सॉलिड स्टेट ड्राइव्ह. हार्ड डिस्कमध्ये गरगर फिरणारी तबकडी असते. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, नुसत्या चिप! म्हणून ती भराभर चालते आणि जराही आवाज करत नाही. पण तिची लिहायची तऱ्हा मोठी विचित्र आहे.

समजा, तुमच्या वर्गात असा एक फळा आहे, की त्याच्यावर एकेक ओळ लिहिता येते, पण एकच ओळ पुसता येत नाही. पुसायचा तर अख्खा फळा पुसावा लागतो! मग पाचवी ओळ नको झाली तर काय कराल? बाकीच्या कामाच्या ओळी दुसऱ्या कोऱ्या फळ्यावर उतरवून घ्याल आणि मग पहिला फळा पुसाल. एसएसडी नेमकं हेच करते. तिच्यातल्या ओळीला म्हणतात 'पेज' आणि फळ्याला म्हणतात 'ब्लॉक'. जपानच्या तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी अशी मेमरी १९८४ साली जगापुढे मांडली. कॅमेऱ्याचा फ्लॅश उडावा तसा मोठा भाग एका झटक्यात पुसला जातो, म्हणून त्यांच्या एका सहकाऱ्याला 'फ्लॅश' हे नाव सुचलं. पेन ड्राइव्हमध्ये आणि मोबाइलमध्येही हीच मेमरी असते बरं का!

आता गंमत पाहा. तुम्ही एखादी फाइल डिलीट केलीत, की विंडोज आपल्या वहीत नोंद करतं, ही जागा मोकळी झाली. पण एसएसडीला बिचारीला हे कोण सांगणार? ती त्या नको असलेल्या ओळीही इमानेइतबारे या फळ्यावरून त्या फळ्यावर उतरवत बसते. म्हणून विंडोज तिला निरोप धाडतं, "अगं, या ओळी आता नकोत." या निरोपाचं नाव 'ट्रिम'. २००९ साली आलेल्या विंडोज ७ पासून ही सोय आहे. पण याचा एक परिणाम लक्षात घ्या. ट्रिमचा निरोप गेला, की डिलीट केलेली फाइल परत मिळणं जवळजवळ अशक्य! हार्ड डिस्कवरून पुसलेले फोटो दुकानात कधी कधी परत काढून देतात, तसं इथे होत नाही.

दर वेळी पुसताना हा फळा थोडा झिजतो. किती? सॅमसंगच्या २५० जीबीच्या '८७० इव्हो' या एसएसडीची वॉरंटी १५० टेराबाइट लिहिण्यापर्यंत आहे. टेराबाइट म्हणजे हजार जीबी. रोज २० जीबी लिहिलं तर किती दिवस पुरेल? करा भागाकार. ७,५०० दिवस! म्हणजे २० वर्षांहून जास्त. (वॉरंटीची मुदत मात्र ५ वर्षांचीच.) तेव्हा झिजेल म्हणून गेम खेळायचं सोडू नका. हार्ड डिस्कला करायचं ते 'डीफ्रॅग' मात्र हिला नको. त्याने फायदा काही नाही, झीज मात्र होते.

ही झीज दाखवायला कंपन्या सॉफ्टवेअर देतात. सॅमसंगचं 'मॅजिशियन', किंग्स्टनचं 'एसएसडी मॅनेजर' वगैरे. आमच्या वर्गातल्या एकाने विचारलं, "बाई, ते सॉफ्टवेअर म्हणतं ड्राइव्ह सापडत नाही. आमची डिस्क हरवली का हो?" अरे राजा, डिस्क हरवली असती तर कॉम्प्युटर सुरू तरी झाला असता का? त्याच्याकडे डिस्क एका कंपनीची आणि सॉफ्टवेअर दुसऱ्या कंपनीचं! शेजारच्या शाळेच्या हजेरीपटात आपलं नाव शोधण्यातली गत. कधी डिस्क यूएसबीच्या डबीत बसवलेली असते, आणि मधली डबी निरोप पुढे जाऊ देत नाही. कधी सॉफ्टवेअरवर राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' केलं, की काम होतं. कधी बायॉसमध्ये डिस्क 'रेड' पद्धतीने जोडलेली असते (हा लाल रंग नव्हे हं). तिथे हात लावू नका. ती पद्धत बदलली तर विंडोज सुरूच न होण्याची भीती असते. नुसतं पाहायचं असेल तर 'क्रिस्टलडिस्कइन्फो' नावाचं फुकट सॉफ्टवेअर वेगवेगळ्या कंपन्यांच्या डिस्क वाचतं.

बरं, डिस्क सापडली आणि तब्येत '९८ टक्के' आली. झालं का काम? नाही! हा आकडा फक्त झीज सांगतो. चिपचा कारभार सांभाळणारा कंट्रोलर उद्या बिघडणार असेल, तर ते त्यात कळेलच असं नाही. शिवाय आकडाही चुकू शकतो. सॅमसंगच्या '९९० प्रो' या डिस्कची तब्येत भराभर घसरताना लोकांना दिसू लागली, तेव्हा कंपनीने २०२३ च्या फेब्रुवारीत नवं फर्मवेअर काढलं. फर्मवेअर म्हणजे डिस्कच्या आतला छोटा प्रोग्रॅम. २०१९ मधली हकिगत तर याहून भयंकर. हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझने जाहीर केलं, की आमच्या काही एसएसडी ३२,७६८ तास चालल्या की बंद पडतील आणि आतलं काहीही परत मिळणार नाही! हा आकडा कुठून आला? १ ची दुप्पट करा, तिची पुन्हा दुप्पट, असं १५ वेळा करून पाहा. आतल्या प्रोग्रॅमची मोजणी तिथेच अडकत होती. डिस्क मोठ्या सर्व्हरमधल्या होत्या, घरातल्या नव्हत्या. उपाय एकच होता, वेळेआधी फर्मवेअर बदलणं.

तुमच्या सॉफ्टवेअरनेही 'फर्मवेअर अपडेट' सुचवलं, तर मोठ्या माणसांना विचारून जरूर करा. पण आधी सगळ्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढा, लॅपटॉपचा चार्जर लावा, आणि पावसाळ्यात वीज जा-ये करत असेल तर यूपीएसशिवाय त्या भानगडीत पडू नका. मध्येच वीज गेली तर डिस्क कायमची मुकी होऊ शकते.

याच सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक बटण असतं, 'सिक्युअर इरेज'. सिक्युअर म्हणजे सुरक्षित, मग दाबायला काय हरकत आहे, असं वाटतं ना? अजिबात दाबू नका! ते अख्खी डिस्क पुसतं. आईबाबांच्या लग्नाचे फोटो, दुकानाचा हिशेब, ताईचा प्रोजेक्ट, सगळं साफ. 'सुरक्षित' ते अशासाठी, की पुसलेलं कुणालाही परत काढता येऊ नये. जुनी डिस्क विकताना मोठी माणसं ते वापरतात.

हार्ड डिस्क बिघडताना पुष्कळदा कटकट आवाज करते. एसएसडी बहुधा गुपचूप जाते. तेव्हा येत्या रविवारी आईला सोबत घ्या आणि महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवा. ती कपाटात ठेवायची असेल तर साधी हार्ड डिस्कच बरी. कारण एसएसडीला वर्षानुवर्षं वीज मिळाली नाही, तर चिपमध्ये साठवलेला विद्युतभार हळूहळू गळून जातो. हार्ड डिस्कचं तसं नाही. फक्त ती खाली पाडू नका हं!